साठावा वाढदिवस, द्राक्षांच्या गावात

आपल्याकडे बायकोच्या वाढदिवसाला श्रीखंड बायको करते आणि नवऱ्याच्या वाढदिवसालाही श्रीखंड बायकोच करते. फरक एवढाच, की नवऱ्याच्या वाढदिवसाला पुऱ्यांची कणीक जरा जास्त भिजवावी लागते, कारण त्याचे चार मित्र न सांगता जेवायला येतात! तरी बरं, हल्ली बाहेर जाऊन जेवायची पद्धत रुळली आहे. पण बाहेर जायचं म्हणजे तरी काय? घराजवळचं तेच हॉटेल, तीच पनीरची भाजी, तेच रुमाली रोटीचं कौतुक आणि दीड तासात घरी परत.

ह्यांचा साठावा वाढदिवस मात्र असा उरकायचा नाही, हे आम्ही आधीपासून ठरवलं होतं. नातेवाइकांचा आग्रह साठीशांतीचा होता. ह्यांनी स्पष्ट सांगितलं, "होम नको, हॉल नको आणि सत्कार तर मुळीच नको." मग बंगळुरूला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीनं परस्पर बेत ठरवून टाकला. फेब्रुवारी २०२४. नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षमळ्यातल्या एका हॉटेलात दोन दिवसांचा मुक्काम. फोनवर ती म्हणाली, "बाबा, मस्त राहा, मस्त जेवा. आणि जेवताना एक चांगली वाइनची बाटली माझ्याकडून!"

तिचा फोन ठेवल्यावर हे बराच वेळ गप्प होते. त्याचं कारण लेकीला ठाऊक नव्हतं. ते घडलं तेव्हा ती शाळेत होती.

वाइनची द्राक्षं आणि माळकरी घर

आमचं सासर नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातलं. घरी द्राक्षबाग. मोठे दीर शेती बघायचे आणि हे नोकरीनिमित्त ठाण्याला. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केलं. वाइन तयार करणाऱ्यांना करात सवलती मिळाल्या, निफाडजवळ विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे राहिले. नाशिकच्या आसपास एकामागून एक वायनऱ्या निघाल्या. त्यांना द्राक्षं हवी होती आणि त्यासाठी त्या शेतकऱ्यांशी आगाऊ करार करत होत्या. भाव ठरलेला, माल बागेतूनच उचलणार, मार्केटची दगदग नाही. ह्यांनी वर्तमानपत्रांतून हे सारं वाचलं आणि दादांच्या मागे लागून दीड एकरात शिराझ ही वाइनची द्राक्षं लावायला लावली.

घर माळकरी. मामंजी दरवर्षी पंढरीच्या वारीला जाणारे. "माझ्या रानात दारूची द्राक्षं?" असं म्हणून ते चार दिवस जेवणाच्या ताटावर बसले नव्हते. शेवटी दिरांनीच समजूत काढली, की आपण द्राक्षं पिकवतो, पुढं त्याचं काय करायचं ते घेणारा बघेल.

पहिली काही वर्षं चांगली गेली. मग २००८ मध्ये जागतिक मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, परदेशी पाहुणे आटले, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप एकदम घसरला. अनेक वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. नवी द्राक्षं घ्यायला कोणी तयार नाही. ज्या कंपनीशी आमचा करार होता, तिनं एका वर्षी निम्मेच पैसे दिले आणि पुढच्या वर्षी माल उचललाच नाही. वाइनची द्राक्षं बाजारात विकताही येत नाहीत. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खाणार कोण? बाग पाखरांनी खाल्ली. २०१० च्या पावसाळ्यापूर्वी दिरांनी ती वेलींसकट उपटून टाकली. नाशिक जिल्ह्यात तेव्हा असं करणारे ते एकटेच नव्हते.

त्यानंतर दोघा भावांमध्ये या विषयावर एक शब्द झाला नाही. भांडण नाही, अबोला नाही. दिवाळीला जाणं-येणं, लग्नकार्यं, सगळं नीट. फक्त तो विषय नाही. आणि ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये कोणी वाइनचा पेला पुढं केला, की हे आपला लिंबू-सोडा उचलायचे.

त्या रात्री, लेकीच्या फोननंतर, हे म्हणाले, "जाऊया. पण वाढदिवसाच्या रात्री जेवायला दादाला आणि वहिनीलाही बोलवू."

तीर्थक्षेत्राची दुसरी ओळख

नाशिक म्हटलं, की डोळ्यांपुढं येतं ते पंचवटी, रामकुंड, काळाराम मंदिर, त्र्यंबकेश्वर आणि दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ. ही ओळख खरीच आहे. पण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या या प्रदेशाला दुसरी ओळख दिली ती द्राक्षांनी. निफाड तालुक्यातल्या ओझर इथं १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षशेतीची सुरुवात केली, असं सांगतात. आज नाशिकची द्राक्षं परदेशांतल्या दुकानांमध्ये मांडलेली दिसतात.

वाइनची गोष्ट अलीकडची. महाराष्ट्रात तिचा पाया १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या नारायणगावच्या इंडेज कंपनीनं घातला. तिची 'ओमर खय्याम' नावाची फेसाळती वाइन युरोपात विकली जायची. नाशिकला खरा वेग आला तो १९९९ नंतर. अमेरिकेत शिकून आलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ सुला वायनरी सुरू केली आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. आईच्या सुलभा या नावावरून त्यांनी कंपनीचं नाव ठेवलं. २००५ मध्ये तिथं लोकांनी येऊन वाइन चाखावी म्हणून खास दालन उघडलं आणि नाशिकच्या पर्यटनाला नवं वळण लागलं. पूर्वी बसमधून उतरणारी माणसं रामकुंडाकडे जायची. आता त्याच बसमधून उतरणारी काही माणसं सकाळी रामकुंडावर आणि संध्याकाळी द्राक्षमळ्यात असतात.

आम्ही ठाण्याहून सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसनं निघालो. कसाऱ्याला गाडीच्या मागं जादा इंजिनं लागतात आणि गाडी घाट चढायला लागते. बोगद्यांचा लपंडाव संपला, की इगतपुरीची थंड हवा आणि फलाटावरचा गरम वडापाव. साधारण तीन-साडेतीन तासांत नाशिकरोड. तिथून शहर नऊ-दहा किलोमीटर आणि शहरातून गंगापूर धरणाचा परिसर आणखी बारा-पंधरा किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, मध्येच भाजीचे मळे, समोर उघडेबोडके डोंगर आणि मग एकदम धरणाचं निळं पाणी.

हॉटेलची खोली साधीच, पण गॅलरीचं दार उघडलं, की थेट वेलींच्या रांगा. हे बूट न काढताच तिकडे गेले आणि खाली वाकून वेलीचा बुंधा बघू लागले. "डॉगरिजच्या खुंटावर कलम केलंय," असं स्वतःशीच म्हणाले. बऱ्याच वर्षांनी ह्यांच्या तोंडून हे शब्द ऐकले.

वायनरीत काय बघाल?

दुपारी वायनरी बघायला गेलो. नाशिकच्या बहुतेक मोठ्या वायनऱ्यांमध्ये तिकीट काढून अशी फेरी करता येते आणि शेवटी चार-सहा प्रकारच्या वाइन घोट-घोट चाखायला देतात. माहिती सांगणारा मुलगा हसतमुख होता. आमच्या घोळक्यात दिल्लीचं एक जोडपं, हैदराबादच्या चार मैत्रिणी आणि सुरतेचं एक कुटुंब होतं.

त्या मुलानं सांगितलं ते थोडक्यात असं. वाइनचे वेल खाण्याच्या द्राक्षांसारखे डोक्यावरच्या मांडवावर पसरत नाहीत, तारांवर उभे वाढवतात. एका वेलीवर घड मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे प्रत्येक मण्यात चव दाटते. गोडी ब्रिक्समध्ये मोजतात. ती साधारण २२ ते २४ झाली, की तोडणी. तोडणी पहाटे, कारण उन्हात तापलेली द्राक्षं वाटेतच आंबायला लागतात. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच सालीपासून वेगळा करतात. लाल वाइनसाठी काळी द्राक्षं सालीसकट आंबवतात, कारण रंग रसात नसतो, सालीत असतो. यीस्ट रसातल्या साखरेचं मद्य करतं. हे सगळं स्टीलच्या मोठमोठ्या, थंड ठेवलेल्या टाक्यांमध्ये चालतं. काही लाल वाइन पुढं ओक लाकडाच्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरवतात. असं एक पिंप साधारण २२५ लिटरचं असतं. आणि एका बाटलीला एक ते सव्वा किलो द्राक्षं लागतात.

सुरतेच्या काकांनी विचारलं, "फ्रान्समध्ये तर म्हणे द्राक्षं सप्टेंबरमध्ये तोडतात. इथं फेब्रुवारीत कशी?" मुलगा जरा अडखळला. तेव्हा हे बोलायला लागले.

"युरोपात थंडीत बर्फ पडतं, वेल झोपी जातो. म्हणून तिथं वर्षाला एक छाटणी पुरते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. मग आपण त्याला फसवतो. एप्रिलमध्ये एक छाटणी, तिला खरड छाटणी म्हणतात. त्यानं काड्या तयार होतात. पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी. ती गोड्या बहाराची. तिच्यावर फळ धरतं. छाटण्या दोन, पीक एक. पावसात फळ आलं तर भुरी-डाऊनीनं सगळं जातं. म्हणून फळ थंडीत घ्यायचं आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडायचं."

मुलगा हसून म्हणाला, "काका, उद्यापासून तुम्हीच या!" सगळे हसले. हैदराबादच्या मैत्रिणींनी तर ह्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. गारपीट झाली तर काय, मजुरी किती, पाणी कुठून? ऑफिसातून निवृत्त होताना मिळालेल्या शालीपेक्षा त्या अर्ध्या तासानं ह्यांचा चेहरा जास्त उजळला होता.

दुपारचं जेवण : पहिला घोट

वायनरीच्या उपाहारगृहात जेवायला बसलो. समोर धरण, टेबलावर कोथिंबीर वडी, पनीर टिक्का आणि एक पातळ, कडक पापुद्र्याचा पिझ्झा. वेटरला विचारलं, आम्ही नवखे आहोत, काय घ्यावं? त्यानं बाटली घ्यायचा आग्रह केला नाही. दोघांत एक-एक पेला घ्या म्हणाला, आणि शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन सुचवली.

आपल्या मसालेदार जेवणाशी वाइन जुळत नाही, असं आपण ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. शेनिन ब्लाँला किंचित गोडसर झाक असते आणि ती गार पितात. तिखट वडीच्या घासावर तिचा घोट घेतला, की जीभ शांत होते, जसं तिखट मिसळीवर दही. सोव्हियाँ ब्लाँ नावाची दुसरी पांढरी वाइन जरा आंबट, तरतरीत. तिचा वास घेऊन हे म्हणाले, "ही तर सरळ कच्ची ढोबळी मिरची!" वेटर म्हणाला, जाणकारही हेच सांगतात.

वाइन पिण्याची पद्धत म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. पेला तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरतात, कारण वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो. आधी रंग बघायचा, पेला हळूच फिरवायचा, वास घ्यायचा आणि मग छोटा घोट जिभेवर घोळवायचा. पेला दांडीनं धरायचा, म्हणजे हाताच्या उबेनं वाइन तापत नाही. पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर आणि लाल १६ ते १८ अंशांवर चांगली लागते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं म्हणतात ती खोली युरोपातली, आपली मे महिन्यातली नव्हे! आपल्याकडे लाल वाइनही थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही.

आणखी एक. बाटली मागवली, की वेटर आधी लेबल दाखवतो आणि यजमानाच्या पेल्यात घोटभर ओततो. "आवडली का?" असं तो विचारत नसतो. वाइन बिघडलेली नाही ना, एवढंच बघायचं असतं. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असेल तर वाइन हलकी, असंही नाही. नाशिकच्या चांगल्या चांगल्या बाटल्यांना तेच झाकण असतं.

एका पेल्यावर आम्ही दोघं दीड तास बसलो. घरी आमचं जेवण वीस मिनिटांत आटोपतं आणि त्यातही बातम्या चालू असतात.

रात्रीचं जेवण : चौघांचं टेबल

संध्याकाळी सातला दीर आणि जाऊबाई आले. दिरांनी पांढरा सदरा, टोपी, गळ्यात तुळशीची माळ. दारातच थबकून म्हणाले, "इथं पितात सगळे?" हे म्हणाले, "हो. आम्हीही घेणार आहोत थोडी. तुला चालणार नसेल तर शहरात जाऊन थाळी जेवू." भाऊजींनी क्षणभर विचार केला. "वाढदिवस तुझा आहे. बसू इथंच."

त्यांच्यासाठी म्हणून आम्ही सगळंच शाकाहारी मागवलं. शेंगदाण्याच्या कुटातली भरली वांगी, पिठलं, भाकरी, ठेचा, वरण-भात. द्राक्षमळ्यातल्या हॉटेलात पिठलं-भाकरी मिळेल असं मला वाटलं नव्हतं, पण नाशिकमध्ये हल्ली इटालियन पदार्थांच्या शेजारी मेन्यूत ते अगदी ऐटीत बसलेलं असतं.

जेवणाआधी जाऊबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, सगळं घरून आणलेलं. "साठीचं औक्षण हॉटेलात झालं म्हणून काय झालं? व्हायलाच हवं." वारा येत होता. वेटरनं न सांगता खिडकी लावून घेतली आणि बाजूच्या टेबलावरची मंडळी टाळ्या वाजवू लागली. हे लाजले. जाऊबाईंनी साखर हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "शंभर वर्षं व्हा."

मग लेकीची बाटली आली. शिराझ. नाशिकचीच.

वेटरनं लेबल ह्यांना दाखवलं. ह्यांनी ते वाचून बाटली भाऊजींच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं. चौदा वर्षांनी तो शब्द दोघा भावांच्या मध्ये टेबलावर येऊन बसला होता.

भाऊजींनी वेटरला विचारलं, "ही द्राक्षं कुणाच्या मळ्यातली?" वेटरला सांगता येईना. त्यानं आतून वायनरीतल्या एका माणसाला बोलावून आणलं. तो म्हणाला, काही आमच्या स्वतःच्या मळ्यातली, काही करारावरची, दिंडोरी भागातल्या शेतकऱ्यांची. भाऊजींचे पुढचे प्रश्न तयार होते. भाव कोण ठरवतं? माल उचलल्यावर पैसे किती दिवसांत? गारपीट झाली तर काय? तो माणूस न वैतागता प्रत्येकाचं उत्तर देत राहिला. मधल्या काळात बऱ्याच कंपन्या बुडाल्या, शेतकऱ्यांचे हाल झाले, हेही त्यानं आपणहून कबूल केलं.

तो गेल्यावर भाऊजींनी ह्यांचा पेला हातात घेतला. प्यायले नाहीत. नाकाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"तोडणीच्या दिवशी शेडमध्ये क्रेट रचून ठेवायचो ना, सकाळी दार उघडलं की हाच वास यायचा," ते म्हणाले. "पाच वर्षं माल दिला, पण त्याचं होतं काय, हे कधी बघितलंच नाही. कुणी दाखवलंही नाही."

पेला खाली ठेवून ते भाकरी मोडायला लागले. आणि भाकरीकडे बघतच म्हणाले, "तुझं काही चुकलं नव्हतं रे तेव्हा. बाजार पडला, त्याला तू काय करणार? तू आपला मनाला लावून बसलास."

हे काही बोलले नाहीत. बोलता येत नव्हतं बहुतेक. त्यांनी दादांच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी पाण्याचा जग उचलला.

वाइनबद्दलही सांगायला हवं. शिराझ ही गडद लाल वाइन. पिकल्या जांभळासारखा वास आणि मागून काळ्या मिरीची चुणूक. लाल वाइनमध्ये सालीतून उतरलेला तुरटपणा असतो, त्यामुळे झणझणीत तिखटाबरोबर ती जास्तच चुरचुरते. म्हणून वांग्यात तिखट बेताचं घालायला आम्ही आधीच सांगितलं होतं. भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि काळ्या मसाल्याचा खमंगपणा तिच्याशी मात्र छान जुळला. ठेच्याशी अजिबात नाही! आम्ही दोघांनी एक-एक पेला घेतला. उरलेली बाटली झाकण लावून खोलीत नेली. भाऊजींनी द्राक्षाचा ताजा रस मागवला आणि तो फार गोड आहे, अशी तक्रारही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकची मिसळ खाल्ली. इथं मिसळीबरोबर पापड आणि दही देतात, रस्सा हवा तेवढा घ्या. मग दिंडोरीला घरी गेलो. शिराझची बाग होती तिथं आता खाण्याची द्राक्षं आहेत, सोनाका. दोघं भाऊ दुपारभर बागेत होते. जेवायला तीन वेळा हाका माराव्या लागल्या.

आपणही जाणार असाल तर...

नवऱ्याचा किंवा बायकोचा वाढदिवस असा साजरा करायचा असेल, तर काही गोष्टी आधी ठरवून ठेवाव्यात.

जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम. बागा घडांनी लगडलेल्या असतात, पण गर्दीही तेव्हाच. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. पहाटे शाल आणि दुपारी टोपी, दोन्ही बरोबर हवं. वाढदिवस पावसाळ्यात येत असेल तरी निराश होऊ नका. वेलींवर घड नसतात, पण डोंगर हिरवे असतात आणि त्र्यंबक-इगतपुरीकडचे धबधबे बघण्यासारखे असतात. गंगापूर धरणाजवळ सुला आणि यॉर्क, तर इगतपुरीच्या बाजूला व्हॅलोन आणि ग्रोव्हर झांपा अशा वायनऱ्या आहेत. फेरीची आणि टेबलाची नोंदणी आधी फोन करून करावी. तो दिवस 'ड्राय डे' तर नाही ना, हेही विचारून घ्यावं, नाहीतर सगळा बेत लिंबू-सरबतावर येईल.

महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, इतर मद्यासाठी २५. मुलांना घेऊन जाणार असाल, तर त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस आणि मळ्यातली फेरी पुरेशी मजेदार होते.

घेणाऱ्यानं गाडी चालवायची नाही, हा नियम घरातून निघतानाच ठरवावा. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळलं, तर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्य असतं. ती द्राक्षांची असली तरी सरबत नव्हे. हृदयाला चांगली म्हणून वाइन प्या, असं कोणी सांगितलं तर त्यावरही विसंबू नका. मद्याचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा यकृताचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि घरात ज्याला चालत नाही, त्याला आग्रह करू नये. न पिणारा माणूसही त्याच टेबलावर तितक्याच आनंदानं जेवू शकतो.

खर्चाचं म्हणाल, तर हॉटेलात बाटली दुकानापेक्षा बरीच महाग पडते. दोघांना पेल्यावर मागवणं परवडतं आणि दोन वेगळ्या चवी बघता येतात. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच पेले होतात, म्हणजे बाटली ही चार-पाच माणसांच्या टेबलाची वस्तू आहे.

नाशिक लांब पडत असेल, तर बंगळुरूजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हरचे जुने मळे आहेत. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेली आहे. पण खरं सांगू? गाव कुठलं, वाइन कुठली, याला फार महत्त्व नाही. ज्याचा वाढदिवस, त्याच्या आयुष्याचा धागा जिथं कुठं जोडलेला असेल, तिथं त्याला घेऊन जावं. कुणाची नोकरीची पहिली दहा वर्षं इंदूरला गेली असतील, कुणाचं आजोळ बडोद्याला असेल, कुणाचं बालपण हुबळीला. तिथलं एखादं चांगलं हॉटेल शोधावं, तिथं जे पिकतं ते मागवावं, आणि ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं आहे त्याच्यासाठी टेबलावर एक खुर्ची जास्त सांगावी.

येत्या जानेवारीत जाऊबाईंना साठावं लागेल. तोडणीचे दिवस असतील, भाऊजींना बागेतून हलता येणार नाही. तेव्हा टेबल बागेतच मांडायचं ठरलं आहे. स्वयंपाक ठाण्याहून आम्ही नेणार आणि जाऊबाईंनी त्या दिवशी चुलीकडे फिरकायचंही नाही, असं दोघा भावांनी त्यांना बजावून ठेवलं आहे.